दाराएवढा फोटो

कवाला, ९ फेब्रुवारी २०११

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मामी मधे बोलून सगळ्याचा विचका करते, म्हणून लिहितेय. हे पत्र एकट्याने वाच.

आईच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलं. मधलं दिसणं गेलं ते गेलंच. कडेकडेनं जे थोडंफार दिसतंय, तेही जूनपर्यंत जाईल. मी समोर बसले की माझ्या तोंडाच्या जागी तिला काळा डाग दिसतो आणि डागाभोवती माझे केस. म्हणून ती कोंबडीसारखी मान वाकडी करून बघते. परवा तिनं माझ्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. मी मुकाट्यानं प्यायले. बोलले असते तर दोघी रडत बसलो असतो.

ती एकच गोष्ट मागतेय. "आंधळी होते तर होऊ दे. पण त्याआधी मला अर्गिरिसचं तोंड दाखव. आत्ताचं. लष्करातला फोटो नको, तो मला पाठ आहे."

दादा संन्यास घेऊन पवित्र डोंगरावर गेला त्याला बावीस वर्षं झाली. तिथे बाईच्या जातीला पाय ठेवायची सोय नाही; मादी म्हणून कोंबडीसुद्धा पाळत नाहीत म्हणे. मग आई कशी जाणार आणि मी कशी जाणार? दादाला मी कितीदा लिहिलं, एक फोटो पाठव. उत्तर ठरलेलं, दोन ओळींचं: संन्याशाचा चेहरा त्याचा उरत नाही, माझे जुने फोटोही जाळून टाका. घरी ये म्हटलं तर, डोंगर सोडणार नाही अशी शपथ घेतलीय.

मामा, तू दर वर्षी ईस्टरआधी मेणबत्त्यांचं मेण घेऊन तिथल्या बंदरापर्यंत जातोस आणि तिथूनच परत फिरतोस. तुझं दादाशी बोलणं नाही, ठाऊक आहे मला. पण या वर्षी वर त्याच्या मठापर्यंत जा. त्याचा फोटो काढून आण.

आता मुद्दा असा की कॅमेरा कोणता? माझ्या दुकानात दोन आहेत. एक माझा जुना डीएसएलआर, ज्याच्यावर मी निम्म्या कवालाची लग्नं आणि बाप्तिस्मे काढलेत. विटेएवढा जड, पण कमी उजेडात नीट काम करतो, आणि फोटो दाराएवढा मोठा केला तरी चेहरा चेहराच राहतो. आईला दाराएवढाच लागणार, त्याहून लहान तिला दिसत नाही. दुसरा खिशातला, साबणाच्या वडीएवढा. आवाज नाही, कुणाच्या नजरेत येत नाही. पण मेणबत्तीच्या उजेडात काढलेला त्याचा फोटो मोठा केला की नुसते दाणे दाणे होतात.

तिथे विचारल्याशिवाय संन्याशांचे फोटो काढू देत नाहीत. मोठा नेलास तर दादाला विचारावं लागेल आणि तो नाही म्हणेल. छोटा नेलास तर चोरून काढता येईल, पण तो आईला दिसेल की नाही देव जाणे. मामा, फोटो काढणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे, आणि आयुष्यात काढावा असा हा एकच फोटो मला काढता येत नाही. डोकं फुटायची वेळ आलीय. तू सांग.

तुझी स्तेर्यानी


थासोस, १६ फेब्रुवारी २०११

पोरी स्तेर्याने,

मामीनं पाकीट आधीच फोडलं होतं, तेव्हा एकट्यानं वाचायचं राहिलं. ती तेव्हापासून नाक ओढत फिरतेय. मीही काही जेवलो नाही नीट.

जातो. ताईसाठी जातो, त्या पोरासाठी नाही हे लक्षात ठेव. भर बंदरावर मी त्याच्या तोंडावर थुंकलो होतो, कारण बाप वारून वर्ष झालं नव्हतं आणि हा आईला टाकून देवाकडे निघाला होता. तुझं तोंड बघणार नाही म्हणालो, ते पाळलं. आता बघेन. पण बोलणार नाही.

तेव्हा कॅमेरा छोटा दे. अगं, मी मधमाश्या पाळणारा म्हातारा. गळ्यात ती वीट लटकवून गेलो तर दारावरचाच संन्यासी म्हणेल, काय आजोबा, वर्तमानपत्रात लागलात की काय? आणि काढून घेईल, बसा बोंबलत. खिशातला कसा, कोटात टाकला की झालं. वर तू म्हणतेस दादाला विचारावं लागेल. मी विचारू? त्याला? माझी जीभच उचलणार नाही.

एकच अडचण आहे. माझी बोटं तू बघितलीयस. चाळीस वर्षं माश्यांनी चावून चावून काकडीएवढी झालीत. त्या वडीवर एक बटण दाबायला गेलो तर तीन दाबली जातील. त्याचं काय ते बघ.

ताईला सांग, रडू नको म्हणावं. रडून डोळे आणखी बिघडतात.

तुझा मामा पोलिक्रोनिस


कवाला, २२ फेब्रुवारी २०११

प्रिय मामा,

दोन्ही कॅमेरे फेरीबोटीवरच्या माणसाबरोबर पाठवतेय. छोट्याच्या ज्या बटणानं फोटो निघतो त्यावर माझा नखांचा लाल रंग लावलाय. बाकी कशाला हात लावू नकोस. संन्याशांनी रंगाचं विचारलं तर मामीचं नाव सांग.

पण मी तुझ्या पाया पडते, मोठाच ने. सगळं लावून ठेवलंय, तू फक्त डोळ्याला लाव आणि दाब. देवळात मात्र काढू नकोस. तो खाट्‌कन वाजतो. तुला ऐकू येणार नाही, पण बाकी सगळ्या देवळाला येईल. दादाला बाहेर अंगणात बोलव, उजेडात उभं कर आणि सांग, तुझी आई आंधळी होतेय. बावीस वर्षांत एकदा जीभ उचल. तो नाही म्हणाला तर निदान आपण विचारलं तरी असं होईल.

छोट्याचं म्हणशील तर मी काल दुकान बंद करून मेणबत्ती लावली आणि स्वतःचा फोटो काढून दाराएवढा करून बघितला. माझं मलाच तोंड सापडेना. आईला काय सापडणार?

आई रोज विचारते, पोलिक्रोनिसचं पत्र आलं का. आल्याचं सांगते. मग ती म्हणते, वाच. मी तुझ्या थुंकण्याचं गाळून वाचते.

वेळ नाही रे मामा. काल तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून विचारलं, घड्याळ कुणी काढून नेलं?

स्तेर्यानी


थासोस, २१ मार्च २०११

पोरी,

काम फत्ते! रागावू नकोस, छोटाच नेला. मोठा घेऊन उरानूपोलीपर्यंत गेलो होतो. बोटीच्या धक्क्यावर सगळ्यांच्या पिशव्या बघत होते, माझं अवसान गळालं. मामीच्या रुमालात गुंडाळून तिथल्या खानावळवाल्याकडे ठेवला आणि पुढे गेलो.

मठात पाहुण्यांची व्यवस्था बघणारा संन्यासी मोठा भला माणूस. पाणी दिलं, त्सीपुरो दारूचा पेला दिला, मेणाचे पैसे चुकते केले. मी अर्गिरिसचं संन्यासातलं नाव घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "आर्सेनिओस म्हणून कोणी आहे का इथं?" तो म्हणाला, "आहे ना, संध्याकाळच्या प्रार्थनेला दिसेल." प्रार्थनेच्या वेळी त्यानं बोट करून दाखवलं. दिवे लावत होता.

स्तेर्याने, काय सांगू तुला! तसाच आहे गं. बंदरावर बघितला होता तस्साच. पाठ ताठ, दाढी काळीभोर, एक केस पांढरा नाही. आपण इकडे झिजून गेलो आणि त्याचं वय तिथंच थांबलंय. मी तुझ्या मामीला म्हणालो, तिथली हवा बघ, तेलाशिवायचं जेवण बघ, मरणच नाही त्यांना.

मी खांबाआड उभा राहिलो आणि कोटातून लाल बटण दाबत राहिलो. त्यानं एकदा वळून सरळ माझ्याकडे बघितलं. ओळख दाखवली नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे, थुंकलेला मामा कोण ओळखेल? मग बाहेर येऊन एका दगडावर बसलो आणि आई मेली तेव्हा रडलो नव्हतो तसा रडलो. बोलावंसं वाटत होतं. पण बोललो असतो तर कॅमेऱ्याचं बिंग फुटलं असतं.

फोटोचं कार्ड सोबत पाठवतोय. ताईला माझ्याकडून मिठी मार. म्हणावं, तुझ्या पोराला बघून आलो, ठणठणीत आहे.

मामा


कवाला, ५ एप्रिल २०११

मामा,

तो अर्गिरिस नाही.

फोटोतला पोरगा पंचविशीचासुद्धा नसेल. दादा घर सोडून गेला तेव्हा हा रांगत असेल. दादा आता सेहेचाळीस वर्षांचा आहे रे! आपण म्हातारे झालो आणि तो झाला नाही, असं कसं वाटलं तुला?

पण माझंही चुकलं, आणि ते तुला सांगते. कार्ड आलं तेव्हा मी घाईत एक फोटो निवडला, चेहऱ्याकडे धड बघितलंच नाही, फक्त त्यातल्या त्यात स्पष्ट कोणता तेवढं बघितलं. दाराएवढा छापला आणि आईच्या पलंगासमोर भिंतीला लावला. आईनं सकाळपासून केस विंचरून घेतले होते, चांगला पोशाख घातला होता. ती इकडून बघते, तिकडून बघते, मान वाकडी करते. शेवटी म्हणाली, "काळं दिसतंय आणि दाढी दिसतेय गं नुसती. तोंड कुठाय?" मी बोट धरून दाखवायला जवळ गेले तर मलाही दाण्यांपलीकडे काही दिसेना. मग दुकानात जाऊन संगणकाच्या पडद्यावर लहान करून नीट बघितला तेव्हा कळलं.

आईला सांगायचा धीर झाला नाही. ती म्हणाली, "राहू दे तिथंच. नाही दिसला तरी आहे ना तो तिथं." रोज झोपताना त्या फोटोशी बोलायची. जेवलास का विचारायची. मामा, मी बाजूच्या खोलीत उशीत तोंड खुपसून ऐकायची.

गुरुवारी पहाटे ती त्याला हात लावायला उठली आणि पडली. खुबा मोडला. आज हॉस्पिटलमधून घरी आणली. पुन्हा चालेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. कुणाच्या तरी पोराला कुरवाळायला उठली माझी आई आणि कायमची पलंगावर पडली.

मी आता काय करू ते तरी सांग. नाहीतर काही सांगू नकोस.

स्तेर्यानी


थासोस, ११ एप्रिल २०११

स्तेर्याने बाळ,

मामीनं तुझं पत्र वाचलं आणि मला दोन दिवस दिलं नाही. दिल्यावर कळलं का दिलं नाही ते.

मठातल्या त्या भल्या माणसाला मामीकरवी फोन केला. आर्सेनिओस दोन आहेत. एक तो दिवे लावणारा पोरगा, मठातला. दुसरा मठाच्याच हाताखाली, पण खाली समुद्राकाठी स्कीतीत राहतो. चार झोपड्या, एक छोटं देऊळ, वीज नाही. आपला पोरगा तो. आठ वर्षांपूर्वीच खाली गेला. तिथं माणसाला आडनाव नाही, गाव नाही, वय नाही. गेल्यावर दिलेलं एक नाव, तेवढंच. बाहेरचा माणूस आर्सेनिओस विचारतो, ते आर्सेनिओस दाखवतात. त्यांची काय चूक? तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला, तो बिचारा म्हणत असेल, हा म्हातारा का रडतोय.

मला एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुझा मोठा कॅमेरा नेला असता तर मला त्याच्यासमोर जाऊन बोलावं लागलं असतं. "अर्गिरिस" म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, आजोबा, मी तो नाही. एवढंच. तोंड उघडायला नको म्हणून खिशातला नेला आणि माझ्या ताईचा खुबा मोडला. मला शिव्या दे, मामी देतेच आहे.

पुन्हा जायला निघालो होतो. डोंगरावर जायचे ईस्टरच्या दिवसांचे परवाने संपलेत, माझ्या वाट्याला थेट जूनअखेर येतो. तोवर ताईला काय दिसणार?

पण त्या भल्या माणसानं एक सांगितलं. उरानूपोलीहून पर्यटकांची बोट निघते, बायका चालतात तिच्यात. डोंगराला लांबून वळसा घालते आणि त्या स्कीतीसमोरून जाते. तू पोराला लिही. ताई पडली ते लिही, मी काय घोळ घातला तेही लिही, काही लपवू नकोस. मोठा कॅमेरा खानावळवाल्याकडून आणून परत पाठवलाय. आता तो तूच हातात घे.

मामा


कवाला, १३ एप्रिल २०११

पातेर आर्सेनिओस,

मायन्यात काय लिहायचं ते कळेना म्हणून संन्याशाला म्हणतात तसं पातेर आणि पुढे तुझं तिथलं नाव लिहिलं. खाली मात्र दादाच म्हणणार आहे, तू काय करायचं ते कर.

दादा, आई पलंगाला खिळलीय. तिच्यासमोरच्या भिंतीवर तुझ्या मठातल्या एका परक्या पोराचा दाराएवढा फोटो लावलेला आहे. तुझं नाव त्याचं नाव एकच, म्हणून मामानं तुझा समजून त्याचा काढून आणला, चोरून. आईला तो तूच वाटतो. रोज त्याला विचारते, जेवलास का. त्याला हात लावायला उठली आणि पडली. जूनपर्यंत तिला हेसुद्धा दिसायचं बंद होईल, आणि ती तुझ्याऐवजी त्याचं तोंड घेऊन अंधारात जाईल.

तू म्हणतोस चेहरा तुझा उरला नाही. बरं, नाही उरला. मग तो कुणाचा आहे? तिनं नऊ महिने पोटात वाढवला तो. तिला एकदा बघायला दे.

घरी ये म्हणत नाही, म्हणून म्हणून थकले. पर्यटकांची बोट तुझ्या स्कीतीसमोरून जाते. तू काठावर येऊन उभा राहिलास तर मी बोटीतून फोटो काढीन. पण बोट अर्धा किलोमीटर लांबून जाते. एवढ्या लांबून माझ्या मोठ्या कॅमेऱ्यालाही तू काडीएवढा दिसशील. तेव्हा कसं करायचं ते तूच सांग. मी हात टेकले.

तुझी बहीण, जिला तू घर सोडताना "लवकर येतो" म्हणाला होतास.


स्कीती, २१ एप्रिल (तुमच्याकडची तारीख ४ मे)

स्तेर्यानी,

ख्रिस्त उठला आहे.

तुझं पत्र गेरोंदांना, म्हणजे आमच्या इथल्या थोरल्यांना, वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. संध्याकाळी म्हणाले, "स्कीतीच्या जमिनीवर फोटो काढायचा नाही, हा नियम मी मोडणार नाही. पण समुद्रावर माझी सत्ता कुठे आहे?"

तेव्हा आमची मासेमारीची होडी घेऊन आम्ही बाहेर येऊ. आमच्या जुन्या पंचांगाच्या हिशोबाने १ मे, तुमच्याकडे १४ मे, शनिवार. गेरोंदा वल्ही मारतील. बोटीपासून दोन बसगाड्यांच्या लांबीएवढ्या अंतरावर थांबू. बोटीला लागायचं नाही आणि बोलायचं नाही, एवढाच आशीर्वाद, म्हणजे परवानगी, मिळाला आहे. तू काय काढायचं ते काढ.

आणखी एक. हे गेरोंदांचे शब्द, माझे नाहीत: "आईनं फोटोत मुलाला ओळखलं तर तिचं मागणं पूर्ण झालं, तू मागे वळू नकोस. तिनं नाही ओळखलं तर आशीर्वाद आहे माझा. जा, तिच्याजवळ बस, आणि परत ये."

मला काय हवं आहे ते मी स्वतःला विचारत नाही. तू खरं काय झालं ते लिही. तुझा शब्द आम्ही दोघे मानू.

मामांना सांग, मी केव्हाच पुसून टाकलं. आणि त्या दुसऱ्या आर्सेनिओसला मी सांगितलं आहे. तो म्हणाला, माझ्या आईला जाऊन सात वर्षं झाली, तुमची माझ्याशी बोलली तर बोलू द्या.

आर्सेनिओस


कवाला, २० मे २०११

प्रिय मामा,

शनिवारी गेले होते. बोटीवर जर्मन म्हातारे, शाळेच्या पोरी, कर्ण्यावरून मठांची नावं सांगणारा माणूस. कप्तानाला मी आधीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, मी थांबवू शकत नाही, पण इंजिन मंद करतो."

होडी आली. एक अगदी वाळलेला म्हातारा वल्ही मारत होता आणि एक जण मधे उभा होता. मी मोठ्या कॅमेऱ्याला लांबची लेन्स लावून डोळ्याला लावला आणि मामा, एकदम दादा माझ्यासमोर! एवढा जवळ की पुढचा तुटलेला दात दिसला. दाढी करडी झालीय. पाठ वाकलीय. गाल आत गेलेत. मला वाटलं, बाबाच उभे आहेत. त्यानं डोक्यावरचं काळं वस्त्र मागे केलं, मला नीट दिसावं म्हणून. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तोंड वाकडं केलं होतं.

मी दाबत राहिले. खाट्‌ खाट्‌ खाट्‌. कॅमेरा तोंडावरून काढलाच नाही. बोट पुढे गेली. मग कॅमेरा खाली घेतला तर होडी काळ्या ठिपक्याएवढी झालेली. बावीस वर्षांनी भाऊ भेटला आणि मी धंदा करत बसले. त्यानं माझं तोंड बघितलंच नाही. मी कठड्याला धरून हंबरडा फोडला. त्या शाळेच्या पोरींनी मला पाणी दिलं.

काल दाराएवढा छापला. चेहरा चेहरा राहिला, मामा. प्रत्येक केस दिसतोय. तो परका पोरगा भिंतीवरून काढला आणि दादाला लावलं. आईला काही सांगितलं नाही. पडदे उघडले, उशी सरळ केली.

आई बघत राहिली. या कडेनं, त्या कडेनं. मग ती म्हणाली, "हा रडायला आलाय."

मी म्हटलं, "नाही गं, ऊन होतं समोर."

"ऊन नव्हे. रडायच्या आधी असंच तोंड करतो तो. खालचा ओठ डावीकडे. पहिल्यांदा शाळेत सोडला तेव्हा असंच केलं होतं." मग तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "किती म्हातारा झाला गं माझा पोर. कुणी बघायला नव्हतं आणि म्हातारा झाला." मग रडली. खूप रडली. मी नको म्हटलं नाही, आता कशाला नको म्हणायचं?

आधी लावला होता तो कोण, हेही विचारलं. दुसऱ्या कुणाचा होता, सांगितलं. म्हणाली, "वाटलंच. हा उत्तर देत नाही, पण तो ऐकतसुद्धा नव्हता."

रडणं थांबल्यावर मी दादाचं पत्र वाचून दाखवलं, गेरोंदांच्या अटीसकट. वाचायला नको होतं की काय, कळत नाही. ऐकताना तिनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोपली. मग एकदम म्हणाली, "मग लिही त्याला. ओळखलं नाही म्हणून लिही."

"आई! संन्याशाशी खोटं बोलायचं?"

"मी कुठं बोलतेय? मला लिहिता येतं का आता? लिहिणार तू."

"म्हणजे पाप मला?"

"तू तरुण आहेस, फेडशील."

मामा, ती हसत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं. आणि मी रात्रभर तळमळतेय. त्यानं लिहिलंय, तुझा शब्द आम्ही मानू. तो वाळलेला म्हातारा माझ्या आईसाठी वल्ही मारत आला होता. त्या दोघांना मी फसवू? आणि खरं लिहिलं तर तो मागे वळणार नाही, आई जूनमध्ये आंधळी होईल, आणि त्याचा हात तिच्या हातात कधीच येणार नाही. तुला विचारायचं होतं. पण तुझं उत्तर यायला आठवडा जातो आणि टपाल आज दुपारी निघतं. तेव्हा तू फक्त देवळात माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव. तुझ्याच मेणाची लाव, चांगली मोठी.

स्तेर्यानी


कवाला, २० मे २०११

दादा,

फोटो छान आला. दाराएवढा छापून आईसमोर लावला. पडदे उघडले होते, उजेड भरपूर होता.

आईनं ओळखलं नाही. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हा म्हातारा कोण? मी सांगितलं तरी तिचा विश्वास बसला नाही.

गेरोंदांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, त्यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे तुला पाठवावं. उरानूपोलीहून थेस्सालोनिकीला ये, तिथून कवालाची बस संध्याकाळी सुटते. मी स्टँडवर असेन. तू मला ओळखणार नाहीस, पण मी तुला ओळखीन.

स्तेर्यानी